हा कुठला?

दादर पश्चिमेला एका हॉलमध्ये खडे-स्फटिकांचं प्रदर्शन भरलं होतं. दारातच ॲमेथिस्टच्या जांभळ्या गुहा, मग राशीचे खडे, मग पिरॅमिड, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर काळ्या मखमलीवर जोडीजोडीने मांडलेले अमोनाइट, कधीच संपलेल्या एका समुद्री प्राण्याच्या वेटोळ्या कवचाचे जीवाश्म. मधोमध कापून चकचकीत केलेले, तळहाताएवढे. प्रत्येक जोडीवर किमतीची गोल चिकटपट्टी. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून बघत होती. "आबा, हा आपल्या देवातल्या शाळिग्रामासारखा आहे." आबांनी चष्मा वर केला, पाहिलं आणि म्हणाले, "तो देव आहे गं. हा दगड." "पण चक्र तर तेच आहे." यावर आबा काही बोलले नाहीत. मुलीने मग विक्रेत्या पोराला विचारलं, "दादा, हा कुठला?" तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "समुद्रातला." "कुठल्या समुद्रातला?" पोराने हात असा हवेत फिरवला, की त्यात माहीमपासून प्रशांत महासागरापर्यंत सगळं आलं. मुलगी आबांकडे वळली. "आणि आपला?" आबा क्षणभरही न थांबता म्हणाले, "आपला गंडकीचा."

ते एक उत्तर डोक्यातून जाईना.

टेबलावरचे ते अमोनाइट बहुधा मादागास्करचे. कापलेले, पिवळसर-तपकिरी कप्प्यांचे, पाठीवर मोरपंखी झाक असलेले बाजारात येतात ते बहुतेक तिथलेच, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे. पण चिकटपट्टीवर यातलं काही नव्हतं, नुसती किंमत होती. आणि दुसरीकडे कुठल्याशा चाळीतल्या नाहीतर सोसायटीतल्या देव्हाऱ्यात, ताम्हणात तुळशीच्या पानाखाली बसलेला काळा गोटा पिढ्यान्‌पिढ्या आपला पत्ता सांभाळून होता. गंडकीचा. जीवाश्म गोळा करणारी माणसं एकमेकांना पहिला प्रश्न हाच विचारतात. 'काय आहे' हा प्रश्न नंतरचा, आधी 'कुठला'. त्या हिशेबाने हॉलमधल्या सगळ्यांत आबाच खरे संग्राहक होते.

आबांचा देव आणि टेबलावरचा दगड ही एकाच घराण्यातली मंडळी, यात मुलीचं काही चुकलं नव्हतं. शाळिग्रामाचं चक्र म्हणजे अमोनाइटच्या कवचाचा वेढा. जुरासिक काळाच्या अखेरीला आजच्या हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात मेलेले अमोनाइट रुतले. कुजणाऱ्या मांसाभोवतीच्या चिखलाची रसायनं बदलली, तिथे खनिजं साकळली आणि कवचाभोवती कठीण गाठ तयार झाली. पुढे समुद्राचा तळच उचलून नेपाळातल्या मुक्तिनाथाच्या उंचीला गेला. त्या चिखलाचा झालेला मऊ, पापुद्रेदार काळा खडक, म्हणजे शेल, झिजला, गाठी सुटल्या, काली गंडकीत पडल्या, घोळून गुळगुळीत झाल्या. गोट्याला तोंड फुटून आतले दाते, म्हणजे कवचावरचे कंगोरे, दिसतात तिथे वज्रकीट नावाच्या किड्याने चक्र कोरलं असं परंपरा सांगते. कुणीतरी आत राहत होतं एवढं परंपरेने बरोबर ओळखलं होतं, याचं नवल वाटतं. ज्या शाळिग्रामात सोन्याचा अंश दिसतो त्याला मोठा मान असतो. तो अंश म्हणजे पायराइट, लोह आणि गंधकाचं खनिज. याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, आणि ती तितकीशी सोनेरी नाही.

बाजारातले सगळेच शाळिग्राम मात्र गंडकीचे नसतात. काळ्या दगडावर यंत्राने कोरलेली चक्रं विकली जातात, राळेत काळी पूड कालवून साच्यात ओतलेलेही. कोरलेल्या चक्राच्या रेषा सगळीकडे सारख्या खोल असतात. खऱ्या चक्रात दाते केंद्राकडे बारीक होत जातात, बाहेरच्या वेढ्यावर जाडावतात, काही ठिकाणी दुभागतात, आणि गोट्याच्या कडेला पोचले की दगडाच्या आत शिरतात, कडेशी संपत नाहीत. ओतलेला गोटा हाताला हलका लागतो, भिंगाखाली हवेचे बुडबुडे दिसतात, आणि तापवलेली सुई टेकवली की प्लास्टिकचा वास येतो. कापलेल्या अमोनाइटमध्ये कप्प्यांच्या भिंती पाहाव्यात. त्या वक्र असतात, केंद्राकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, आणि आतले कॅल्साइटचे स्फटिक भिंतीकडून मध्याकडे वाढलेले असतात. सगळे कप्पे एकाच मापाचे दिसले तर टेबल सोडावं.

मुंबईत राहून अमोनाइटचा नाद लागणं ही तशी गंमतच. या शहराच्या खडकात अमोनाइट सापडणारच नाही, आणि त्याला एक नाही, दोन कारणं. मुंबईचा खडक लाव्ह्याचा, समुद्राच्या गाळाचा नाही, हे शाळेतच शिकवतात. दुसरं कारण कुणी सहसा सांगत नाही. अमोनाइट संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनासोरांबरोबरच. सह्याद्रीतले ते प्रचंड थर त्याच सुमाराला ओतले जात होते. लोणावळ्याच्या घाटात गाडी थांबते तेव्हा खिडकीतून दिसणारा कडा म्हणजे अमोनाइटच्या शेवटच्या दिवसांचा समकालीन. पण मुंबईचा खडक त्याहून तरणा आहे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे ते उभे खांब आणि मालाडचा पिवळा दगड साधारण ६ ते सव्वासहा कोटी वर्षांचे. म्हणजे मुंबई घडली तेव्हा जगातल्या सगळ्या समुद्रांतून अमोनाइट नाहीसे होऊन काही दशलक्ष वर्षं उलटली होती. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात चिमुकले बेडूक सापडले, आणि रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. तो आपला जीवाश्म. गोड्या पाण्याचा, आणि उशिरा आलेला.

पायाखाली मात्र कधीतरी तुकडा भेटतो. जैसलमेरचा पिवळा दगड जुरासिक समुद्राचा, त्याच्या फरशीत शिंपल्यांचे काप दिसतात. हाबूर गावच्या दगडात तर अमोनाइटही असतात. दूध न विरजता दही लागतं असं सांगून त्याच्या वाट्या विकतात. दह्याबद्दल जे काय असेल ते असो, वाटीच्या कडेला कुणाचा तरी अर्धा वेढा कापला गेलेला असतो. कोटा फरशीवर मात्र शोधत बसू नये. ती शंखशिंपले जन्माला यायच्या कितीतरी आधीची आहे.

कवच दगडाचं झालं म्हणून आतला प्राणी विसरायचा नाही. आतला प्राणी गोगलगाय नव्हता. तो माकूळचा नातलग. ससून डॉकला टोपलीत लिबलिबीत पडलेलं माकूळ मनात घ्यायचं, तेच गोल कवचाच्या शेवटच्या दालनात बसवायचं आणि त्याचे हात बाहेर काढायचे. कवचाच्या मागच्या कप्प्यांत वायू, आणि सगळ्यांतून जाणारी एक बारीक नळी. नळीने कप्प्यातलं पाणी उपसायचं आणि तरंगायचं. ज्यांच्याकडे पोपट आहे त्यांच्या पिंजऱ्यात याच यंत्राची आजची आवृत्ती लटकलेली असते, समुद्रफेस. माकूळच्याच जवळच्या जातीचं ते पाठीतलं हाड. नखाने खरवडलं तर कागदासारखे थर सुटतात, ते त्याचे वायूचे कप्पे. अमोनाइट गेले आणि तसाच दिसणारा नॉटिलस उरला, त्याचं एक कारण पिल्लांच्या आकारात शोधतात. नॉटिलसचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच इंचभर असतं आणि त्याचा वावर खोल पाण्यात. अमोनाइटची पिल्लं मिलिमीटरभर, पृष्ठभागाजवळच्या प्लवकांत वाढणारी. वरचं पाणी बिघडलं तेव्हा बाळवाडीच बुडाली.

खरा अमोनाइट पाहायचा तर मुंबईकराला कच्छ. संध्याकाळी वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस धरली की सकाळी भूज. तामिळनाडूत अरियलूर आहे, इंदूरच्या पलीकडे बाघ आहे, जिथे नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र आत घुसला होता. पण कच्छची गोष्ट वेगळी. झुरा, हाबो, कीरा, जुमारा या घुमटांसारख्या टेकड्या मधोमध झिजल्या आहेत, त्यामुळे कांदा कापल्यासारखे थर गोलाकार उघडे पडलेत. मधे जुने, बाहेर नवे. त्यातला धोसा ऊलाइट हा थर तर हातात घेऊन बघण्यासारखा. सुमारे १६ कोटी वर्षांचा, विटकरी-तपकिरी, खसखशीएवढ्या गोल दाण्यांनी गच्च भरलेला. हे दाणे उथळ समुद्रात घोळत घोळत थरावर थर चढून वाढले. गाळ फार सावकाश साचत होता म्हणून कितीतरी पिढ्यांचे अमोनाइट एका वीतभर जाडीत दाटीवाटीने मिळतात. अशा थरात बरेचदा अमोनाइटची वरची बाजू झिजलेली असते. तळावर उघडा पडून राहिला, लाटांनी आणि किड्यांनी खाल्ला. खालची बाजू गाळात सुरक्षित. नवखा माणूस वरची बाजू पाहून 'फुटका आहे' म्हणून सोडून देतो. उलटून बघायचं असतं.

पहिली चूक उतारावर होते. पायथ्याशी सुटा अमोनाइट दिसला की हात आपोआप खाली जातो. पण तो घरंगळलेला, अभ्यासक ज्याला 'फ्लोट' म्हणतात तो. वरच्या १० थरांपैकी कुठून सुटला हे तो सांगत नाही. तेव्हा तो जागेवर ठेवून चढायला लागायचं. तसलेच तुकडे दिसत जातात, दिसत जातात आणि एका उंचीनंतर एकदम बंद होतात. जिथे बंद झाले, त्याच्या लगेच खाली तो थर. हे चढणं कंटाळवाणं असतं, दुपारी दगड तापतात, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून हे करू नये. पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या फेरीला माल ताजा उघडा पडलेला असतो. अभयारण्याच्या आणि राखीव क्षेत्राच्या हद्दीत मात्र नुसतं पाहायचं, उचलायचं काही नाही, आणि सीमेजवळ कुठल्याही टेकडीवर चढण्याआधी गावात विचारायचं. जीवाश्मांसह सगळ्या भूवारशासाठी वेगळा कायदा करण्याचा मसुदा २०२२ साली निघाला होता. पण मसुद्याची वाट न पाहता पाळायचा नियम एकच: फोटो आणि टिपण भरपूर, दगड कमी.

थरात बसलेला अमोनाइट काढायचा तर हातोडा त्याच्यावर कधी मारायचा नाही. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं. दगड फुटतो तो बहुधा कवच आणि गाळ यांच्या सांध्यावर, कारण तिथली पकड सगळ्यात कमी. हाच सांधा आपल्या कामाचा, आणि तोच घात करणारा. म्हणून अमोनाइटपासून चार बोटं लांब छिन्नीने भोवती चर खणायचा, मग खालून हळूहळू सोडवायचं, आणि भोवतालच्या दगडासकटच घरी आणायचं. उरलेला दगड घरी, चांगल्या उजेडात काढायचा. किलोभराचा हातोडा पुरतो, छिन्नी बोटभर रुंद, आणि डोळ्यांवर चष्मा. हा चष्मा लोक गळ्यात अडकवून ठेवतात, डोळ्यांवर घालत नाहीत. तुकडे झालेच तर फेकायचे नाहीत, तिथल्या तिथे क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने जोडायचेही नाहीत. दोन्ही तुकड्यांवरून जाईल अशी पेन्सिलची खूण करायची आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा. जोडायला पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ ॲसिटोनमध्ये दाट विरघळवून वापरतात. ठिसूळ दगडाला मजबुती द्यायला हीच पातळ, ५ ते १० टक्क्यांची. तिचं मोठेपण एवढंच, की चूक झाली तर ॲसिटोनने पुन्हा सुटते.

कच्छच्या अमोनाइटवर बरेचदा कवच नसतंच. वाटी उपडी करून भाताची मूद पाडतात ना, तसं. कवच ही वाटी, ती कधीच विरघळून गेली, आणि आपल्या हातात राहते ती आतल्या गाळाची मूद. तोटा वाटतो, पण कवच गेल्यामुळेच एक गोष्ट दिसते. कप्प्यांच्या भिंती जिथे कवचाला आतून चिकटल्या होत्या तिथे मुदीवर नागमोडी रेषा उमटतात, कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारख्या कातरलेल्या. या रेषांवरून जात ओळखतात. त्यामुळे दगड 'छान दिसावा' म्हणून त्याला पॉलिश करणं म्हणजे दाखल्यावरची सही पुसण्यासारखं आहे. ॲसिडचं तर नावच नको. मूद चुनखडीची आणि भोवतालचा दगडही चुनखडीचाच, व्हिनेगर दोघांत फरक करत नाही. पाणी, जुना टूथब्रश आणि सुई, एवढ्यात बहुतेक काम होतं. शेलमधला नग असेल तर पाणीसुद्धा नाही, पाणी लागलं की शेल पानापानाने सुटतो.

आणि मग तो दगड मुंबईत येतो, जून महिना येतो.

मुंबईच्या हवेने जीवाश्म मरतात, असं म्हटलं तर लोक हसतात. १६ कोटी वर्षं टिकलेला दगड गोरेगावच्या कपाटात ४ पावसाळ्यांत कसा जाईल? जातो. रणाच्या आसपासच्या दगडात मीठ मुरलेलं असतं. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात पुन्हा स्फटिक होतं, आणि प्रत्येक वेळी दाण्यांना थोडं रेटतं. काही वर्षांत दातेच खपलीसारखे निघतात. म्हणून घट्ट चुनखडीचे नग आणल्या आणल्या साध्या पाण्यात बुडवायचे, रोज पाणी बदलायचं, ४-५ दिवस तरी. पायराइटचं दुखणं याहून वाईट. काळ्या शेलमधले सोनेरी अमोनाइट दिसायला सगळ्यात देखणे आणि मुंबईत ठेवायला सगळ्यात अवघड. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पायराइटची ऑक्सिजनशी आणि पाण्याशी रासायनिक क्रिया सुरू होते, आणि आपल्याकडे जुलैत ती ८०-९० असते. आधी कपाट उघडल्यावर गंधकाचा वास येतो. मग फटीत पांढरी-पिवळी भुकटी. त्यातून होणारं ॲसिड दगड खातं, खोका खातं आणि शेवटी दगडाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठीही खातं. दगड फुटला तर जोडता येतो, चिठ्ठी गेली की सगळंच गेलं. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेलची पुडी, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून पुन्हा आत. ही वाळवणी पावसाळ्यात दर पंधरवड्याला करावी लागते, आणि घरच्या ओव्हनमध्ये केली तर घरच्यांची परवानगीही. प्लायवुडच्या बंद कपाटातून हळूहळू आम्ल वाफा सुटतात, त्या मूळ कवच शिल्लक असलेल्या नगांना बाधतात. म्हणून काच आणि लोखंड बरं.

सोन्याचा अंश असलेल्या शाळिग्रामाला रोज अभिषेक होतो आणि तरी तो टिकतो, हे मग लक्षात येतं तेव्हा थबकायला होतं. गोटा दाट असतो, पाणी आत शिरायला फट नसते. शिवाय रोज पुसून कोरडा होतो. रोज, न चुकता, पुसणारा हात असतो. जीवाश्म जतन करणाऱ्या कुणालाही यापेक्षा चांगली व्यवस्था सुचणार नाही.

आता चिठ्ठी. नगावर, ओळखीच्या खुणा झाकणार नाहीत अशा जागी, नखाएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि वर राळेचा पातळ हात. तोच क्रमांक वहीत आणि डब्यातल्या चिठ्ठीवर. चिठ्ठीत गाव, टेकडी किंवा नाला, जीपीएसचे आकडे, थराचं नाव, त्या थरात वरून किती सेंटिमीटरवर, कुठली बाजू वर होती, तारीख, कुणी काढला. प्राण्याचं नाव सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलीने. पेन्सिलीने का, ते कच्छच्याच इतिहासात दिसतं. बॉम्बे इंजिनिअर्सचा कॅप्टन ग्रांट याने कच्छचा भूनकाशा केला, त्यातले जीवाश्म सॉवर्बी या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञाने १८४० साली वर्णिले. त्या काळी सगळ्यांचं आडनाव एकच, अमोनाइट्स. एकाचं नाव ठेवलं अमोनाइट्स माया. १८७५ मध्ये वागेनने कच्छच्या अमोनाइटवर मोठा ग्रंथ लिहून नव्याने वाटणी केली. मग स्पाथने १९२७ ते १९३३ या काळात सहा भागांत सगळं पुन्हा तपासलं. मायाला तर त्याने त्याआधीच, १९२४ मध्ये, स्वतःचं घराणं दिलं होतं, मायाइटीस. माणसं वाद घालत राहिली, नावं फिरत राहिली. ज्या नगाचा पत्ता लिहिलेला होता त्याला प्रत्येक नव्या नावाने पुन्हा उपयोग झाला. ज्याचा नव्हता तो पेपरवेट झाला. पत्त्याशिवायचा सुंदर नग आणि पत्त्यासकटचा अर्धा तुटका नग यांत निवडायचं झालं, तर तुटका. यावर वाद घालणारे भेटतात, त्यांच्या घरची कपाटं फार देखणी असतात.

या कठोर हिशेबात शाळिग्राम खरं तर बसत नाही. तो नदीत घरंगळलेला, थर सोडून आलेला, पक्का फ्लोट. 'गंडकीचा' म्हणजे उतारावरून पायथ्याशी आलेल्या दगडाला 'टेकडीचा' म्हणण्यासारखंच. चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं असतं तर कुणी भूशास्त्रज्ञ समाधानी झाला नसता. पण लिहिलेलं नव्हतंच. तोंडी होतं, आणि तरी पुसलं गेलं नव्हतं.

हॉलमध्ये आबा निघायला वळले तेव्हा मुलगी अजून टेबलापाशीच होती. "गंडकीत कुठे?" तिने विचारलं. आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या आजोबांनी आणला होता की पणजोबांनी, इथपासून त्यांची मनातल्या मनात शोधाशोध सुरू झालेली दिसत होती. "घरी गेल्यावर आत्याला फोन लावू," ते म्हणाले. तेवढ्यात मुलीने टेबलावरचा एक अमोनाइट उचलून उलटा केला, मागे काही लिहिलंय का ते बघायला. मागची बाजू पॉलिश न केलेली, खरबरीत, दातेदार. किमतीची चिकटपट्टी नेमकी शेवटच्या दालनावर डकवलेली होती. तिने नखाने तिचं एक टोक उचकटून खाली पाहिलं, आणि पोराचं लक्ष जायच्या आत परत दाबून बसवलं.